वाचकांचे प्रश्न : ‘ब्लू नोट’ची रेकॉर्ड वाचायची कशी?

न्यूयॉर्कच्या ‘ब्लू नोट’ कंपनीवर गेल्या अंकात लेख आला आणि पत्रांची रास पडली. आल्फ्रेड लायनने १९३९ साली सुरू केलेली ही जॅझची छोटी कंपनी. त्याच वर्षी त्याचा बर्लिनचा मित्र फ्रान्सिस वुल्फ येऊन मिळाला, आणि १९६५-६६च्या सुमारास कंपनी ‘लिबर्टी’च्या ताब्यात गेली. पत्रांतली तक्रार साधारण एकच आहे: रेकॉर्डवर आकडे आणि खुणा भरपूर, पण कुठली खूण कशाची ते कळत नाही. कळत नाही, कारण त्या एका हातच्या नाहीतच. टेकचा (म्हणजे रचना वाजवून घेण्याच्या एका प्रयत्नाचा) आकडा सेशनच्या वहीतला, आद्याक्षरं कटिंग करणाऱ्याची, म्हणजे मूळ तबकडीवर खाच कोरणाऱ्याची, पत्ता लेबल छापणाऱ्याकडून आलेला, आणि ‘कान’ प्रेसिंगच्या, म्हणजे प्रती दाबून काढणाऱ्या कारखान्याचा. हे हात वेगळे ओळखले की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. उरलेले खाली घेतले आहेत. सारखे होते ते एकत्र केले.

प्रश्न : सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’ची तारीख सूचीत १५ सप्टेंबर १९५७ अशी आहे आणि शीर्षक रचनेपुढे ‘टेक ९’ लिहिलंय. म्हणजे आठ वेळा बिघडली आणि नवव्यांदा जमली का? आणि रेकॉर्डवर साल कुठेच का नाही?

उत्तर : आठ वेळा बिघडली नाही. या काळातल्या ब्लू नोटच्या वहीत टेकची मोजणी रचनेप्रमाणे नाही, दिवसाप्रमाणे चालते. नवी रचना घेतली म्हणून पुन्हा एकपासून सुरुवात होत नाही.

पुढे प्रसिद्ध झालेले पर्यायी टेक शेजारी मांडून पाहा. ‘लेझी बर्ड’चे आकडे १ आणि २, ‘मोमेंट्स नोटिस’चे ४ आणि ‘५ ए’, ‘ब्लू ट्रेन’चे ७ आणि ८, आणि ‘ब्लू ट्रेन’चा निवडलेला टेक ९. एवढ्यावरून त्या दिवसाचं वेळापत्रकच हाती येतं. सुरुवात ‘लेझी बर्ड’ने झाली, जी एलपीवर दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी आहे. एलपी ज्या रचनेने उघडते, ती मात्र सहा टेक वाजवून झाल्यावर, तोंड आणि बोटं तापल्यावर घेतलेली. आणि तिच्या वाट्याला तीन-चार प्रयत्नांहून जास्त आलेच नाहीत. एलपीवरचा क्रम हा विक्रीचा क्रम असतो, वादनाचा नव्हे.

आता त्या ‘टेक ९’मध्येही एक मेख आहे. तो अखंड नाही. केनी ड्र्यूचा पियानो सोलो दुसऱ्या टेकमधून कापून इथे जोडलेला आहे. हे काम ब्लेडने होई. टेप सेकंदाला १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर वेगाने धावते. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर एका ठोक्याला १९ सेंटिमीटर टेप मिळते, म्हणजे हात टेकायला जागा बरीच. रीळ हाताने मागेपुढे फिरवत ठोका जिथे उठतो ती जागा शोधायची, टेपच्या पाठीवर मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, दोन्ही टेप खाचेच्या ठोकळ्यात बसवून ४५ अंशांत तिरक्या कापायच्या आणि पाठीमागून चिकटपट्टी लावायची. तिरकं कापायचं ते यासाठी की पाव इंच रुंदीच्या टेपवर सांधा एकदम न येता सेकंदाच्या साठाव्या भागात सरकत येतो. सरळ कापला तर ‘टक्’ असा आवाज येतो. ब्लेडला चुंबकत्व आलं असेल, तर कितीही तिरकं कापा, ‘टक्’ येणारच.

सांधा फसतो तो मात्र बहुधा झांजेवर. पियानोचा स्वर संपलेला असतो, पण ड्रमरच्या झांजेचा नाद अजून हवेत असतो. तो मध्येच तुटला किंवा कुठून तरी अचानक उगवला की कानाला जोड कळतो. दुसरा धोका लयीचा. दोन टेकमध्ये लय किंचित जरी हलली असेल तरी सांध्यानंतरचे दोन-तीन ठोके ढकलल्यासारखे वाटतात. सहा जणांच्या चमूत ड्रमर फिली जो जोन्स आणि बासवादक पॉल चेंबर्स असले की ही काळजी कमी.

सालाबद्दल: ध्वनिमुद्रणाला अमेरिकेत संघीय कॉपीराइट मिळाला तो १५ फेब्रुवारी १९७२पासून. त्याआधी वर्तुळातला ‘पी’ आणि पुढे साल छापायची गरजच नव्हती. तुमच्या प्रतीवर ती खूण दिसली, तर प्रत सत्तरच्या दशकातली किंवा नंतरची. बाकी कशाची खात्री करत बसू नका.

प्रश्न : ब्लू नोट वादकांना तालमीचेही पैसे देई असं वाचलं. एवढ्या छोट्या कंपनीला ते परवडत कसं होतं?

उत्तर : न देणं जास्त महाग पडलं असतं. हिशेब पाहा. अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या संघटनेचा पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धातला दर तीन तासांच्या सेशनला ४१.२५ डॉलर, आणि प्रमुखाला दुप्पट. पाच जणांचा चमू धरला तर ८२.५० अधिक चार जणांचे १६५, एकूण २४७.५० डॉलर. त्या तीन तासांत नियमाने जास्तीत जास्त १५ मिनिटांचं संगीत स्वीकारायचं. चाळीस मिनिटांची एलपी म्हणजे तीन सेशनचे पैसे, ७४२.५० डॉलर, तेही स्टुडिओ, टेप, कटिंग आणि प्रेसिंग सोडून. अशा वेळी नवी रचना स्टुडिओतच शिकवायला बसलात तर दर मिनिटाला पैसा गळतो. लायन एक-दोन दिवस तालमीला देई. मग स्टुडिओत तीन शिंगवाद्यं (सॅक्सोफोन, तुतारी यांसारखी) एकत्र सुरू झाली की एकत्रच संपत.

प्रेस्टिज या शेजारच्या कंपनीत तालीम नसे. मालक बॉब वाइनस्टॉकला उत्स्फूर्त वादन हवं असे. तो मार्गही खोटा नव्हे, पण त्यासाठी चमू रोज रात्री एकत्र वाजवणारा हवा. माइल्स डेव्हिसच्या पंचकाने ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या दोन दिवसांत इतकं वाजवलं की प्रेस्टिजने त्यातून चार एलपी काढल्या, १९५७ ते १९६१ अशा सावकाश. वाजवणारे रोजचे होते आणि रचना त्यांच्या बोटांत बसलेल्या होत्या, म्हणून हे जमलं. एरवी तालमीशिवायच्या सेशनमध्ये ब्लूज आणि सगळ्यांना पाठ असलेली जुनी गाणी यांचाच भरणा होतो. सूची चाळलीत तर तुमच्याच लक्षात येईल.

परवडण्याचं दुसरं कारण रचनांच्या हक्कात आहे. तेव्हाच्या कायद्याने विकलेल्या प्रत्येक प्रतीवर दर रचनेमागे २ सेंट रचनेच्या मालकाला जात. ब्लू नोटची स्वतःची प्रकाशन शाखा होती, ‘ग्रूव्ह म्युझिक’. वादकाने नवी रचना आणली आणि ती या शाखेत नोंदवली तर त्या दोन सेंटांतला वाटा घरातच राही. बाहेरचं गाणं घेतलं की पैसे बाहेर. ब्लू नोटच्या एलपींवर नव्या रचना इतक्या का, याला कलेचं कारण आहेच, पण हेही आहे.

प्रश्न : व्हॅन गेल्डर घरातल्या बैठकीच्या खोलीत रेकॉर्डिंग करत होता, हे खरं का? मग आवाज एवढा जवळचा कसा येतो?

उत्तर : खरं आहे. न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी, प्रॉस्पेक्ट अव्हेन्यूवर ब्लू नोटचा ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर याच्या आईवडिलांचं घर होतं. घर बांधतानाच बैठकीच्या खोलीला लागून काचेमागे कंट्रोल रूम काढलेली. स्वतः तो पेशाने ऑप्टोमेट्रिस्ट, दिवसा लोकांचे डोळे तपासणारा. ब्लू नोटचं काम त्याच्याकडे १९५३पासून सुरू झालं. जुलै १९५९मध्ये तो एंगलवुड क्लिफ्सच्या नव्या स्टुडिओत गेला, तिथलं लाकडी छत ३९ फूट उंच. दोन्ही जागांचे आवाज वेगळे आहेत. हॅकेनसॅकमध्ये वाद्य तुमच्या समोरच्या खुर्चीत, एंगलवुडमध्ये त्याच्याभोवती हवा.

जवळचा आवाज येतो तो मायक्रोफोन जवळ असतो म्हणून. अंतर निम्मं केलं की वाद्याचा थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो; खोलीचा घुमारा मात्र जिथल्या तिथेच राहतो. मायक्रोफोन ६० सेंटिमीटरवरून ३०वर आणला तर सॅक्सोफोन पुढे येतो आणि भिंती मागे सरकतात. जर्मन यू-४७ हा कंडेन्सर मायक्रोफोन अमेरिकेत अगदी सुरुवातीला वापरणाऱ्यांपैकी तो एक. या मायक्रोफोनला तुतारीचा दम आणि झांजेची धार दोन्ही पकडता येतात, पण जवळ ठेवला की पुढचा अॅम्प्लिफायर भरून वाहायची भीती असते. ली मॉर्गनसारख्याने जोरात फुंकलं की काही रेकॉर्डींवर तुतारी कडेला किंचित फाटते. तुमच्या सुईचा दोष समजून काडतूस (सुई बसवलेला कार्ट्रिज) बदलायला धावू नका. तोच उतारा दुसऱ्या प्रतीवर ऐका. तिथेही फाटत असेल तर ते टेपवरच आहे.

पियानोच्या बाबतीत मात्र व्हॅन गेल्डरची भलामण करणं अवघड आहे. छोट्या खोलीत ड्रम पियानोच्या मायक्रोफोनमध्ये शिरू नयेत म्हणून तो मायक्रोफोन तारांजवळ घ्यावा लागतो, आणि मग स्वर पेटीत कोंडल्यासारखा येतो. मंद्रातला गाभा हरवतो, मधला पट्टा तेवढा पुढे. त्यातून हे सगळं एकाच वेळी, एकाच टेपवर. नंतर मिक्सिंग करून कुणाला वर-खाली करायची सोय नव्हती. तोल जो काय साधायचा तो वाजत असतानाच.

प्रश्न : जुन्या बाजारात ब्लू नोट मिळते तेव्हा पहिलं प्रेसिंग कसं ओळखायचं? ‘कान’ म्हणजे नक्की काय? (हाच प्रश्न सर्वांत जास्त वाचकांनी विचारला आहे.)

उत्तर : आधी कव्हर बाजूला ठेवा. कव्हर आणि रेकॉर्ड यांची जोडी बाजारात कितीदाही बदललेली असते. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा आणि शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधली गुळगुळीत पट्टी वाचा. छापलेल्या लेबलापेक्षा या पट्टीवर विश्वास ठेवावा.

पट्टीत पहिल्यांदा नंबर शोधा आणि तो लेबलवरच्या नंबराशी जुळतो का पाहा. मग ‘आरव्हीजी’ ही आद्याक्षरं. सुरुवातीच्या काळात ती हाताने कोरलेली दिसतात, नंतर ठशाने उठवलेली, आणि साठच्या दशकात पूर्ण ‘व्हॅन गेल्डर’ असा ठसा येतो. इथे एक गैरसमज फार पसरला आहे. ही खूण रेकॉर्डिंगची नाही, कटिंगची आहे. पियानोवादक थेलोनियस मंकचं १९४७चं संगीत डब्ल्यूओआर स्टुडिओत मुद्रित झालं, तेव्हा व्हॅन गेल्डरचा संबंधही नव्हता. तरी त्याच्या १२ इंची एलपीवर ‘आरव्हीजी’ असू शकतं, कारण तबकडी त्याने कापली. उलट त्याच्याच स्टुडिओतलं सेशन पुढे दुसऱ्या कुणी नव्याने कापलं, तर ही अक्षरं नसतात.

तिसरी खूण ‘कान’. न्यू जर्सीतल्या ‘प्लॅस्टिलाइट’ या प्रेसिंग कारखान्याचं ते वळणदार ‘पी’ अक्षर आहे. आडवं पडल्यामुळे कानाच्या पाळीसारखं दिसतं. जेमतेम काही मिलिमीटरचं असतं आणि उथळ असेल तर डोळ्यांना सापडत नाही. नखाचा कडेचा भाग हलकेच फिरवला तर लागतं. लिबर्टीने कंपनी घेतल्यावर प्रेसिंगचं काम प्लॅस्टिलाइटकडून गेलं आणि कानही गेला. त्यामुळे हिशेब असा: अक्षरं आणि कान दोन्ही असतील तर प्रत लायनच्या काळातली. अक्षरं आहेत पण कान नाही, तर व्हॅन गेल्डरच्याच धातूच्या साच्यांतून लिबर्टीने काढलेली. ऐकायला बहुधा उत्तम आणि पैशाला स्वस्त. दोन्ही नाहीत, तर नंतरचं कटिंग.

यानंतर लेबलचा पत्ता. १२ इंची एलपींवर आधी ‘७६७ लेक्सिंग्टन अव्हेन्यू’. १९५७पासून ‘४७ वेस्ट ६३’, त्यातही आधी पुढे ‘एनवायसी’ आणि नंतर ‘न्यूयॉर्क २३’ (हा २३ टपाल विभागाचा आकडा). १९५९च्या अखेरीपासून कंपनीच्या नावापुढे ‘इन्क’ आणि नोंदणीचं वर्तुळातलं ‘आर’ दिसू लागतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला नुसतं ‘न्यूयॉर्क यूएसए’, आणि १९६६पासून ‘लिबर्टी रेकॉर्ड्‌सचा विभाग’ असा मजकूर. तुमच्या १५७७ नंबरच्या ‘ब्लू ट्रेन’च्या लेबलवर वर्तुळातला ‘आर’ असेल, तर विक्रेता काहीही म्हणो, ते १९५७-५८चं प्रेसिंग नाही. आणि लेक्सिंग्टनचा पत्ता या नंबरावर असूच शकत नाही.

आता जिथे लोक फसतात ते. लेबलं गठ्ठ्याने छापून कारखान्यात पडलेली असत आणि जुना गठ्ठा संपेपर्यंत वापरली जात. म्हणून एका बाजूला ‘एनवायसी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘न्यूयॉर्क २३’ अशी प्रत निघाली तर ती बनावट समजू नका. लिबर्टीनेही आधी उरलेली ‘न्यूयॉर्क यूएसए’ लेबलं संपवली. तेव्हा लेबल जुनं पण कान नाही, अशी प्रत १९६६ची. विक्रेते नेमकी हीच ‘ओरिजिनल’ म्हणून विकतात.

‘डीप ग्रूव्ह’, म्हणजे लेबलमधून फिरणारी खोल गोल खाच, ही प्रेसच्या जुन्या डायची, म्हणजे दाबणाऱ्या ठशाची छाप आहे. १९६१च्या सुमारास डाय बदलत गेल्या, पण जुनी एखादी मशीनवर राहिली की नंतरच्या प्रतीच्या एकाच बाजूला खाच येते. आवाजाशी तिचा काडीचा संबंध नाही. या एका वर्तुळासाठी दुप्पट पैसे मोजणारे लोक आहेत. ज्याची त्याची हौस.

हेही लक्षात असू द्या की ‘पहिलं प्रेसिंग’ म्हणजे ‘चांगली प्रत’ नव्हे. लॅकरच्या मूळ तबकडीवर चांदीचा थर आणि त्यावर निकेल चढवून उलटा साचा, त्यातून ‘मदर’, आणि मदरपासून स्टँपर तयार होतो. स्टँपर झिजत जातो. पहिल्याच स्टँपरची शेवटची प्रत दुसऱ्या स्टँपरच्या पहिल्या प्रतीपेक्षा बोथट निघू शकते.

प्रश्न : एकाच एलपीची मोनो आणि स्टीरिओ प्रत मिळाली तर कुठली घ्यावी?

उत्तर : रेकॉर्डिंगच्या तारखेवर ठरवा. १९५७च्या वसंतापर्यंत सगळं मोनोतच होतं. त्याआधीच्या संगीताची ‘स्टीरिओ’ प्रत दिसली तर ती लिबर्टीच्या काळातली, एका वाहिनीचे इलेक्ट्रॉनिक करामतीने दोन तुकडे केलेली. हातात घेऊन परत ठेवा. १९५७-५८मध्ये दोन मशीन शेजारी चालत, एक मोनो आणि एक दोन ट्रॅकची. ‘ब्लू ट्रेन’ या काळातली, त्यामुळे तिची मोनो प्रत खऱ्या मोनो टेपवरून आलेली आहे. १९५८च्या अखेरीपासून फक्त दोन ट्रॅकवर मुद्रण होऊ लागलं आणि मोनो प्रत दोन्ही वाहिन्या एकत्र करून कापली जाई. म्हणजे पुढच्या एलपींत मोनो हा वेगळा तोल नाही. तरी पुष्कळांना मोनोच आवडते, कारण स्टीरिओत शिंगवाद्यं एका टोकाला आणि ड्रम दुसऱ्या टोकाला पडतात, मध्ये पोकळी. नंबरावरून ओळखणं सोपं: मोनो बीएलपी १५७७, तर स्टीरिओ बीएसटी ८१५७७. आधी ८ लावायचा.

मोनो रेकॉर्ड स्टीरिओ काडतुसाने वाजवताना अॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. उभी हालचाल म्हणजे धूळ आणि झीज. दोन्ही वाहिन्या जोडल्या की ती एकमेकींना मारते आणि खरखर पुष्कळ उतरते. बटण नसेल तर फोनो प्रीअॅम्पमधून (काडतुसाचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रातून) बाहेर येणाऱ्या दोन्ही वायर जोडता येतात, पण थेट जोडू नका. प्रत्येक वायरीत साधारण १ किलोओहमचा रेझिस्टर घाला, नाहीतर दोन आउटपुट एकमेकांवर ओझं टाकतात. उलट प्रकार, म्हणजे स्टीरिओ रेकॉर्ड जुन्या मोनो पिकअपवर, अजिबात करू नका. तिची सुई उभी हलत नाही आणि खाचेची भिंत खरवडून काढते.

प्रश्न : मंकच्या १९४७च्या सगळ्या रचना तीन मिनिटांच्याच का? आणि त्याच रचना तीन वेगवेगळ्या नंबरांनी का सापडतात?

उत्तर : कारण त्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी वाजवल्या होत्या. १० इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. त्यामुळे सोलो बेताचा आणि शेवट ठरवलेला. सुरुवातीच्या वर्षांत लायनने १२ इंची ७८ काढल्या, तिथे चार मिनिटांहून थोडं जास्त मिळे. मंकची तीन सेशन १५ ऑक्टोबर, २४ ऑक्टोबर आणि २१ नोव्हेंबर १९४७ला झाली. तारखा अशा खेटून का, तर १ जानेवारी १९४८पासून वादकांच्या संघटनेचा रेकॉर्डिंगवर बहिष्कार येणार हे दिसू लागलं होतं, आणि सगळ्याच कंपन्या कोठार भरून घेत होत्या. तो संपला १४ डिसेंबर १९४८ला.

नंबरांचं असं: आधी ७८वर, मग १० इंची एलपीवर (५००२ आणि ५००९), मग १२ इंचीवर (१५१० आणि १५११). वाजवणं एकदाच, कपडे तीनदा बदलले. १५१०वर मागे हलकी खरखर ऐकू आली तर प्रत परत करू नका. मूळ मुद्रण टेपवर नाही, तबकडीवर झालेलं आहे आणि तिचा आवाज टेपवर उतरताना बरोबर आला. १९५४मध्ये आरआयएए हा समानीकरणाचा वक्र (कापताना मंद्र आणि तार स्वरांचा तोल किती बदलायचा याचं ठरलेलं माप) सर्वमान्य झाला. त्याआधीच्या १० इंची एलपी आजच्या फोनोवर वेगळ्या लागतात, तेव्हा ट्रेबलचं बटण हाताशी ठेवा.

प्रश्न : सॅक्सोफोनवादक टीना ब्रुक्सची ४०५२ नंबरची एलपी कितीही शोधली तरी जुनी प्रत मिळत नाही.

उत्तर : मिळणारही नाही. ‘बॅक टू द ट्रॅक्स’ला नंबर दिला गेला, कव्हर तयार झालं, पण तेव्हा रेकॉर्ड बाजारात आलीच नाही. ब्रुक्सच्या नावावर चार एलपींचं मुद्रण झालं, आणि त्या काळात फक्त ‘ट्रू ब्लू’ (४०४१, मुद्रण २५ जून १९६०) विक्रीला आली. बाकीचं १९८०पासून पुढे उजेडात आलं. नंबर मिळणं ही फक्त कंपनीच्या वहीतली नोंद असते. लायन विकता येईल त्याहून जास्त मुद्रित करत असे. १९७५पासून निर्माता मायकेल कस्कुनाने ती कपाटं उघडली, तेव्हा पुढची अनेक वर्षं पुरेल इतका ऐवज निघाला. कुणी तुम्हाला साठच्या दशकातली ४०५२ विकू पाहत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या.

प्रश्न : एलपीवर सलग असलेली रचना ४५वर (४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवर) ‘भाग १’ आणि ‘भाग २’ अशी का?

उत्तर : ४५ ही ज्यूकबॉक्ससाठी. ली मॉर्गनची ‘द साइडवाइंडर’ (मुद्रण २१ डिसेंबर १९६३) दहा मिनिटांहून मोठी आहे, ती सात इंचांवर मावणार कशी? म्हणून कापाकापी करून दोन बाजूंना वाटली. संग्रहाला ठीक; ऐकायला एलपीच घ्या.

प्रश्न : एलपीच्या बाजूची शेवटची रचना नेहमी दबलेली का वाटते? सुई बदलूनही फरक नाही.

उत्तर : फेऱ्या तितक्याच राहतात, पण आतल्या खाचेचा घेर लहान होतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ २१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी लांबीत कोंबलं की बारीक वळणं सुईला जमत नाहीत आणि झांज आधी मरते. ‘ब्लू ट्रेन’ची पहिली बाजू वीस मिनिटांच्या आत आहे, दुसरी बावीसच्या आसपास, ‘लेझी बर्ड’ आतल्या टोकाला पडते, त्यामुळे तिथे जास्त जाणवतं. लंबवर्तुळी सुई आणि काडतुसाचा कोन नीट लावणं एवढाच उपाय, तोही अर्धा.

प्रश्न : जुन्या ७८ आणि एलपी एकाच द्रावणाने धुतल्या तर चालेल का?

उत्तर : नाही. ७८ लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. एकदा पुसलं की चकाकी जाते आणि खाचही. ७८साठी डिस्टिल्ड वॉटर आणि लिटरमागे सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच मऊ कापडाने टिपून घ्यायचं. भिजत ठेवायचं नाही. व्हिनायलच्या एलपीला पातळ केलेलं आयसोप्रोपिल चालतं. आणि वाजवताना सुई बदला: ७८ची खाच एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद, तिला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, मोनो एलपीला १ मिलची. एलपीची सुई ७८वर लावली तर ती खाचेच्या तळाशी घसरत राहते आणि तुम्हाला संगीताऐवजी तळाची माती ऐकू येते.